वरळी कोळीवाडा: पौर्णिमेची संध्याकाळ धरू नका

किल्ल्यावरून सूर्यास्त, मागे वांद्रे-वरळी सी लिंकच्या तारा, पुढ्यात भरल्या पाण्यावर रंगीत होड्या. असे फोटो पाहून मी निघालो. मावळता सूर्य आणि उगवता चंद्र एकाच संध्याकाळी मिळतील म्हणून मुद्दाम पौर्णिमा निवडली. पोचलो तर खाली पाणीच नव्हतं. चिखल, प्लास्टिक आणि कलंडलेल्या होड्या.

त्याआधी गल्लीच्या तोंडाशी एकाने "किल्ल्याचे प्रवेश शुल्क" म्हणून पाचशे रुपये घेतले. किल्ल्याला तिकीट नाही. कोणी मागितलं तर सरळ पुढे चालू लागा. पैशांपेक्षा मी वीस मिनिटं वाद घालत बसलो याचा राग जास्त आहे, कारण तेवढ्यात उजेड उतरला.

मग घाईत सर्वांत मोठी चूक केली. ओहोटीला किल्ल्याच्या पायथ्याने खडकांवरून वळसा घालता येतो, असं कुठेतरी वाचलं होतं. येतो, पण घालू नका. वरून सुके दिसणारे खडक बाजूंनी शेवाळाने बुळबुळीत असतात आणि जिथे शेवाळ नाही तिथे कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा. शंभरेक पावलांना मला पाऊण तास लागला. दोनदा घसरलो, दुसऱ्यांदा तळहात फाटला आणि लेन्समध्ये खारं पाणी गेलं. चांगले ट्रेकिंगचे बूट होते, तरी ही गत. ट्रायपॉडचे पाय चिखलात रुतत होते, त्यामुळे लांब एक्स्पोजरचा, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून काढायचा, एकही फोटो धड आला नाही. त्या कोपऱ्यातून किल्ल्याच्या तटावरून दिसतं त्याहून वेगळं काहीही दिसत नाही. हे आधी कोणी लिहिलं असतं तर माझा हात वाचला असता.

अंधार पडल्यावर क्लीव्हलँड बंदरावर बूट धूत बसलो होतो. जाळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या नाखवाने हाताला फडकं दिलं आणि विचारलं, "तिथी बघून नाही आलास?" बघूनच आलो होतो, पण चंद्रासाठी. त्याने हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला ती पंधराची पाऊणपट, म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराच्या आसपास येते, म्हणून संध्याकाळी सहाला पुरती ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. "अष्टमीला पहाटे ये. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं पाणी, उधाणाइतकं चढणार नाही, पण होडी तरंगेल."

आठ दिवसांनी पहाटे साडेपाचला बंदरावर हजर झालो आणि तिथून हलावंसं वाटेना.

माझ्याकडे २००८च्या निगेटिव्ह आहेत. सी लिंक तेव्हा अर्धवट होता, तो २००९ला सुरू झाला. त्या फोटोंत होड्यांपुढे मोकळं क्षितिज आहे. आता त्याच जागेवरून कोस्टल रोडला सी लिंकशी जोडणारा पूल दिसतो, सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झालेला. त्याच्या खांबांमध्ये आधी ६० मीटर अंतर ठरलं होतं. वाऱ्यात आणि लाटांत होडी खांबावर आपटेल म्हणून कोळ्यांनी समुद्रात काम अडवलं. त्यांना हवं तेवढं मिळालं नाही, पण अखेर एका ठिकाणी अंतर १२० मीटर झालं. परतणारी प्रत्येक होडी त्या फटीतून येते. या वस्तीचं काय बदललंय ते मला तिथे कळलं. किल्ल्यावरून कोळीवाडा फक्त पुलाची शोभा वाढवणारा पुढचा भाग होतो. बंदरावरून पूल हा होडीच्या वाटेतला अडथळा आहे, आणि फोटोत तो तसाच दिसायला हवा.

लांबून टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावली की खांब एकमेकांजवळ ओढल्यासारखे येतात आणि फट आहे त्याहून अरुंद दिसते. पुढे जाऊन वाइड लेन्स लावली तर ऐसपैस दिसते. मी दोन्ही लेन्स काढून ठेवल्या आणि मधल्या ५० एमएमवर थांबलो. नाखवाची होडी खांबांच्या मधोमध आली तेव्हा पाणी शिशासारखं होतं आणि माझा हात कापत होता. इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता.

किल्ला दहा मिनिटांत पाहून होतो, खास त्यासाठी जाऊ नका. वाटेत नौदल आणि तटरक्षक दलाची आवारं आहेत, तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावर गेलात तर फक्त ताडपत्रीखालच्या होड्या दिसतील. मासळी निवडणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलू नका. एक मावशी मला स्पष्ट म्हणाल्या, "घाण दाखवायला येता तुम्ही. आमचं घर आहे हे." मी कॅमेरा खाली घेतला, स्क्रीनवरची होडी त्यांना दाखवली. त्यांनी होडी ओळखली, दिराची होती. मग म्हणाल्या, आता काढ.

तो फोटो छापून अष्टमीला त्यांना द्यायला जाणार आहे.