विस्कॉन्सिनचा शेवटचा पोल

2 नोव्हेंबर 2024 ला, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी, नावाजलेल्या पोलकर्त्या ॲन सेल्झर बाईंचा आयोवा राज्याचा शेवटचा पोल, म्हणजे मतदारांची जनमत चाचणी, आला. हॅरिस 47, ट्रम्प 44. आमच्या ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले. बाहेरच्यांना वाटेल त्यात काय एवढं, आयोवाची इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याची मतं, सहाच. पण याच बाईंनी 2016 ला आणि 2020 ला शेवटच्या आठवड्यात ट्रम्प तिथं सात टक्क्यांनी पुढे दाखवला होता, तेव्हा बाकीच्यांचे आकडे बरेच खाली होते, आणि दोन्ही वेळा बाईंचाच आकडा निकालाच्या जवळ गेला. त्यामुळे त्या काही बोलल्या की आमच्या धंद्यातले सगळे कान टवकारतात.

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी आमच्या कंपनीच्या विस्कॉन्सिन पोलचा फील्ड बंद झाला होता, म्हणजे फोन करणं संपलं होतं, रविवारी आकडा द्यायचा होता, आणि वेटिंग, म्हणजे कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं ते काम, माझ्याकडे.

लोकांना वाटतं पोल म्हणजे लोकांना विचारायचं आणि बेरीज करायची. तसं अजिबात नाही. प्यू रिसर्च या अमेरिकी सर्व्हे संस्थेच्या फोन सर्व्हेला 1997 साली शंभरातले 36 जण उत्तर द्यायचे, 2018 पर्यंत ते सहावर आलं, आणि आता आम्हाला शंभरात एखाद-दुसरा बोलणारा भेटला तरी बरं वाटतं. जे बोलतात ते वयस्कर, शिकलेले, राजकारणात रस असलेले. मग वय, लिंग, वंश, शिक्षण, भाग हे सगळं खऱ्या मतदारांच्या प्रमाणात येईपर्यंत आम्ही रेकिंग करत बसतो, म्हणजे एक गोष्ट जुळवली की दुसरी हलते, ती जुळवली की पहिली हलते, असं सगळं स्थिर होईपर्यंत. 2016 ला बऱ्याच राज्यांतल्या पोलवाल्यांनी शिक्षणाचं वेट लावलंच नव्हतं आणि पोलमध्ये मागे असलेल्या ट्रम्पना जिंकवून विस्कॉन्सिनने सगळ्यांना धडा शिकवला. त्यात विस्कॉन्सिनमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहितच नाहीत, आयोवात लिहितात, म्हणजे तो एक आधारही आम्हाला नाही.

त्या सॅम्पलमधला एक रेकॉर्ड मला अजून आठवतो. उत्तर विस्कॉन्सिनमधला विशी-पंचविशीतला मुलगा, कॉलेज नाही, वेट जवळजवळ पाच. म्हणजे त्याच्यासारखे जे चौघं फोन उचलत नाहीत त्यांच्या वतीनेही तो एकटाच बोलतोय. एवढं वेट आलं की मी रेकॉर्डिंग ऐकतोच. मागे कसलं तरी मशीन चालू होतं, इंटरव्ह्यूअर प्रश्न पूर्ण करायच्या आत तो ट्रम्प म्हणाला, आणि 2020 ला कोणाला दिलं होतं विचारल्यावर म्हणाला आठवत नाही. अमेरिकेत कोणी मतदान केलं हे सरकारी यादीत दिसतं, कोणाला केलं ते नाही. यादी सांगत होती की त्याने 2020 ला मत दिलंय.

भांडण इथंच झालं. आमच्या ठरलेल्या पद्धतीने हॅरिस काही टक्क्यांनी पुढे येत होत्या. बॉस म्हणाले रिकॉल लाव. रिकॉल म्हणजे लोकांना गेल्या वेळी कोणाला मत दिलं ते विचारायचं आणि सॅम्पल त्या खऱ्या निकालाला जुळवायचं, विस्कॉन्सिनला 2020 ला बायडन 49.4, ट्रम्प 48.8. मी लावून पाहिलं, आणि लढत बरोबरीत आली.

आता रिकॉल ही काही वाईट गोष्ट नाही, 2024 ला बहुतेक पोलवाले ते लावत होते. पण लोकांची आठवण पक्की नसते, जिंकलेल्याला मत दिलं असं सांगणारे नेहमी जरा जास्त निघतात, आणि दुसरं म्हणजे त्याने प्रत्येक पोल गेल्या निवडणुकीसारखा दिसायला लागतो. आठशे लोकांचा पोल असेल तर लढत अगदी बरोबरीची असली तरी कोणाला पाच पुढे, कोणाला चार मागे असं यायलाच पाहिजे, ते गणितच आहे. त्या ऑक्टोबरात येत नव्हतं. सातही स्विंग स्टेट्समध्ये, म्हणजे कुठल्याही बाजूला झुकू शकणाऱ्या राज्यांत, जो तो बरोबरी, एक पुढे, एक मागे. एवढी एकवाक्यता आपोआप येत नाही हो, ती आणली जाते, आणि लोक तिला पुरावा समजतात याचा मला खरंच राग येतो.

मी बॉसना म्हटलं, पद्धत ठरवणाऱ्या आपल्या सप्टेंबरच्या मेमोमध्ये रिकॉल नाही, आकडा बघून पद्धत बदलायची असेल तर दोन्ही आकडे छापू आणि कारण लिहू. बॉस माणूस चांगला, कामात पक्का, पण 2020 ला हात पोळलेला. त्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये एबीसी आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पोलने बायडन 17 टक्क्यांनी पुढे दाखवला होता आणि फरक निघाला एक टक्क्याच्याही आत, हे ते कधीच विसरले नाहीत. म्हणाले, "सेल्झर बाईंच्या गाठीला एवढ्या वर्षांची पुण्याई आहे, आपल्या नाही. एकटे चुकलो तर पुढच्या वर्षी दारात क्लायंट नसेल." रविवारी बरोबरीचा आकडा गेला, तोच एक.

त्याच रात्री सांगलीहून आत्याचा फोन. तिकडे 20 तारखेला विधानसभेचं मतदान, तरी तिला इकडचं हवं होतं, कोण येणार रे? मी म्हटलं सांगता येत नाही. तर म्हणाली, "जूनमध्ये लोकसभेला एक्झिट पोलवाले एनडीएला साडेतीनशेच्या वर सांगत होते आणि गाडी 293 वर थांबली. तुम्ही लोक फोन करता तरी कोणाला? मला तर आजवर एकही आला नाही." इतका मुद्द्याचा प्रश्न मला आमच्या मीटिंगमध्ये कोणी विचारलेला नाही.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. विस्कॉन्सिन ट्रम्पना एक टक्क्याच्या आत गेलं, आमचा आकडा "अचूक" ठरला, अभिनंदनाचे मेल आले. आयोवाही ट्रम्पनाच, तेरा टक्क्यांनी गेलं. सेल्झर बाईंना नको नको ते ऐकावं लागलं, दोनेक आठवड्यांत त्यांनी निवडणुकीचे पोल सोडत असल्याचं सांगितलं (ते म्हणे आधीच ठरलं होतं), आणि डिसेंबरात ट्रम्पनी त्यांच्यावर खटलाही भरला. त्यांनी आपला डेटा पुन्हा उघडून, वेगवेगळी वेटं लावून काय झालं ते लोकांसमोर मांडलं, तरी एक असं कारण सापडलं नाही. त्यांची चूक मोठी होती, सॅम्पलमध्ये कोणीतरी यायचं राहिलं होतं हे उघड आहे. पण तो आकडा त्यांच्या पद्धतीतून आला तसा त्यांनी छापला. आमचा बरोबर आला तो त्या मुलासारख्यांना आम्ही नीट मोजलं म्हणून, की गेल्या निवडणुकीचा निकाल आम्ही वरून ओतला म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही, आणि ऑफिसात कोणाला सांगावंसंही वाटत नाही.

आता 3 नोव्हेंबर 2026 च्या मिडटर्म, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावरची अमेरिकी संसदेची निवडणूक. कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे हाऊसच्या 435 जागा, सिनेटच्या 35, तिथल्या सिनेटर जोनी अर्न्स्ट लढत नसल्यामुळे आयोवाचीही जागा मोकळी. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या हाऊसमधल्या जागा मिडटर्मला बहुतेक घटतातच, 1934, 1998 आणि 2002 एवढेच अलीकडचे अपवाद, त्यामुळे कोण वाढणार हे सांगायला पोल लागत नाही, किती वाढणार इथंच सगळी मेहनत आहे. आणि पुन्हा रिकॉल, या वेळी 2024 चं. ट्रम्पवर नाराज झालेला माणूस गेल्या वेळी त्यांनाच मत दिलं होतं हे कबूल करेलच असं नाही, आणि तसे बरेच निघाले तर हेच वेट सगळा पोल उलट्या, म्हणजे ट्रम्पच्या पक्षाच्या, बाजूला ओढेल. म्हणून मी या वेळी मेमोत लिहिलंय की रिकॉल लावायचं की नाही ते पहिला फोन जायच्या आधी ठरवायचं आणि नंतर दोन्ही आकडे छापायचे. पहिला भाग बॉसनी मान्य केलाय. दुसऱ्यावर आमचं अजून चालूच आहे.