तळीरामांवरचा अनुस्वार

ठाण्यात छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे मुंजीच्या पंगतीत असो की तलावपाळीच्या कट्ट्यावर, जुनी मुलं गाठतात आणि विचारतात, "बाई, मराठीतलं सगळ्यात लक्षात राहणारं पात्र कोणतं हो?" उत्तर त्यांच्याच चेहऱ्यावर तयार असतं. अंतू बर्वा, चिमणराव, नाहीतर श्यामची आई. मी म्हणते, तळीराम. की चेहरा पडतो. बाईंचं आता वय झालं, असंही कुणाला वाटत असावं.

याचं मूळ एका सातवीच्या वर्गात आहे. जानेवारीतली सकाळ. कात्रणांच्या फळ्यावर मुलांनीच पेपरातलं शीर्षक चिकटवलं होतं: 'तळीरामांवर कारवाई'. एकतीस डिसेंबरच्या रात्री तीन हात नाक्याला नाकाबंदी होती, त्याची बातमी. मागच्या बाकावरून हात वर आला. "बाई, हे तळीराम कुठले? दर वर्षी त्याच तारखेला कसे सापडतात?"

वर्ग हसला. मी मात्र खडू घेतला. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही, हे त्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि इथे फळ्यावर ते झालेलं! अकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन तसंही दिसत नाही: एक देव, अनेक देव. ते सामान्यरूपात उघडं पडतं. 'तळीरामावर' म्हणजे एकावर, 'तळीरामांवर' म्हणजे पुष्कळांवर. फरक फक्त अनुस्वाराचा. आणि हा अनुस्वार 'गुरुजींना'मधल्यासारखा आदराचा नाही बरं का, निव्वळ डोकी मोजणारा आहे.

तेव्हापासून माझी कसोटी हीच. पात्र पुस्तकातून उठून सामान्यनाम झालं पाहिजे. शकुनी, कुंभकर्ण, नारद ही जुनी मंडळी झालीच. पुस्तकाबाहेरचेही होतात: स्वयंपाकघरात कुणाची तरी 'ललिता पवार' होते. आमच्या नौपाड्याच्या गल्लीत एखादा आउटच होईना की पोरं ओरडायची, "झाला याचा गावसकर!" १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकर साठ षटकं खेळून नाबाद ३६ राहिले होते. बाकीच्या शतकांचं काय, ते गल्लीला विचारू नये.

पण तळीरामाइतकं साधलेलं कुणाला नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात हा कोण, तर सुधाकराचा कारकून. सुधाकर हुशार वकील, त्याची सनद सहा महिन्यांसाठी जाते, अपमान जिव्हारी लागतो. अशा वेळी कारकून जवळ येतो. धमकी नाही, कारस्थान नाही, नुसती कळकळ. घ्या, एकच. मला त्याची भीती वाटते ती या कळकळीची. खलनायक निदान ओळखू तरी येतो. पुढे त्याचं आर्यमदिरामंडळ, तिथे शास्त्री आणि खुदाबक्ष एकाच बैठकीला. समाजसुधारकांना जे जमलं नाही ते बाटलीनं करून दाखवलं, असं गडकरी हसत हसत सांगून जातात. रडतो आपण सुधाकराच्या बायकोसाठी, सिंधूसाठी. सिंधूचं काम बालगंधर्वांनी केलं, सगळा महाराष्ट्र रडला. पण 'सिंधूंना' किंवा 'सुधाकरांवर कारवाई' असं कुठल्या पेपरात छापून आलंय? प्यायचा सुधाकर, आणि नाव लागलं ते पाजणाऱ्याचं.

गडकऱ्यांनी हे पाहिलंच नाही. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला गेले, पस्तिशीही गाठली नव्हती. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर.

मासुंदा तलावाकाठी त्यांच्या नावाचं रंगायतन आहे. ठाणेकर 'गडकऱ्यांना' वगैरे म्हणत बसत नाहीत. "गडकरीला काय लागलंय?", "सहाला गडकरीला भेट". आदराचा अनुस्वार गेला, माणसाची इमारत झाली. मीही तसंच म्हणते. परवाच सुनेला फोन केला, "मी गडकरीला उभी आहे, तिकिटं माझ्याकडेच आहेत."