ग्रुप बंद केला अॅडमिननी

६ डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, जवळ आला की आमच्या दादरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो, शिवाजी पार्कला गर्दी, ट्रॅफिक, घाण, गाडी काढू नका वगैरे. यावेळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने उलट विचारलं की गणपतीत रस्ते बंद असतात तेव्हा का नाही बोलत कोणी, आणि मग जे सुरू झालं ते विचारूच नका. रात्री अकराला अॅडमिननी ग्रुपच बंद करून टाकला. मी काय लिहिलं? काहीच नाही, वाचत बसलेलो.

दुसऱ्या दिवशी पार्कात गेलो, पुस्तकांच्या स्टॉलवर. (तिकडची गर्दी ज्यांनी फक्त गाडीच्या काचेतून बघितलीय त्यांना सांगतो, एवढी पुस्तकं विकली जाताना मी दुसरीकडे कुठे बघितली नाहीत.) बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण मिळालं. त्यातलं विसंगतीच्या आयुष्याचं वाक्य (राजकारणात समता, पण समाजात आणि आर्थिक बाबतीत विषमता) सगळ्यांना पाठ असतं, मी अडकलो पुढच्या एका किश्श्यावर. अमेरिकेतलं एक चर्च आपल्या प्रार्थना नव्याने लिहीत होतं. कोणीतरी सुचवलं, ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राचं कल्याण कर’. दुपारी झटकन मंजूर, आणि दुसऱ्या दिवशी ‘राष्ट्र’ शब्दावरच एवढ्या हरकती आल्या, की एवढी एकी आहेच कुठे आपल्यात, की तो शब्द काढून ‘या युनायटेड स्टेट्सचं कल्याण कर’ असं करावं लागलं. जेम्स ब्राइस या ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातला हा किस्सा सांगून बाबासाहेब म्हणतात, हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होतील, आपण अजून राष्ट्र नाही हे जेवढं लवकर कळेल तेवढं बरं.

आणि हे कधी, तर संविधान स्वीकारायच्या आदल्या दिवशी! मसुदा समितीचा अध्यक्षच बोलतोय. म्हणजे वास्तुशांतीच्या आदल्या रात्री घर बांधणाऱ्यानेच सांगायचं की बाबांनो, पाया अजून ओला आहे.

आमच्याकडे एक काका नेहमी म्हणतात, देश इंजिनीअर बांधतात, तत्त्वज्ञ नुसते बोलतात. सी लिंक कोणी बांधला वगैरे. मला तेव्हा उत्तर सुचायचं नाही. आता वाटतं की सगळे टाळ्या वाजवायच्या मूडमधे असताना एका शब्दावर हरकत घेणं हे पण बांधकामच आहे, आणि ते इंजिनीअरचं काम नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, तिथे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्यांचे प्रोफेसर. लोकशाही म्हणजे नुसता राज्यकारभार नाही, मुळात ती एकत्र जगायची रीत आहे, हा ड्यूईचा विचार बाबासाहेबांच्या १९३६च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधे आहे. एका थरातलं दुसऱ्या थरात झिरपलं पाहिजे, असं काहीसं. आमच्या बिल्डिंगमधे एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर झिरपतं ते फक्त बाथरूमचं लीकेज, आणि त्यावर पण खर्च कोणी करायचा यावरून दोन वर्षं भांडण चालू आहे. ब्रोकर भाडेकरू आणतो तेव्हा आधी आडनाव विचारतात आणि मग डिपॉझिट, हे कमिटीतल्या सगळ्यांना माहीत आहे. मला पण माहीत आहे, मी कमिटीत आहे.

पुस्तिका दहा कॉपी घेऊन आलो, लेटरबॉक्समधे टाकू म्हणून. एकच टाकली, तिसऱ्या मजल्यावर. बाकीच्या नऊ टीव्हीखाली पडल्यात. दोन दिवसांनी ग्रुप परत उघडला, पहिला मेसेज आला की उद्या टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा. पंचवीस अंगठे.