एका एमआरआयचे पाच भाव

गुडघा दोन महिने कुरकुरत होता. जिना उतरताना आत काहीतरी अडकल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. दोन दिवसांनी हॉस्पिटलातून फोन. वेळ ठरली, इन्शुरन्सचा नंबर घेतला आणि पलीकडची बाई सहज म्हणाली, "तुमच्या वाट्याला १,८७० डॉलर येतील."

"आणि इन्शुरन्सच्या?"

"काही नाही. तुमचं डिडक्टिबल बाकी आहे."

अमेरिकेत नऊ वर्षं काढली, पण हा शब्द खिशाला लागेपर्यंत मला नीट कळला नव्हता. माझ्या पॉलिसीत वर्षाचे पहिले ३,००० डॉलर माझे, त्यापुढे वीस टक्के माझे आणि ऐंशी विमा कंपनीचे. त्या वर्षी डॉक्टरांच्या भेटीचे १८० सोडले तर मी काहीच भरलं नव्हतं. म्हणजे पगारातून हप्ता कापला जाणार, आणि एमआरआयही माझ्याच पैशाने.

बिलिंगमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती हसलीच. "इन्शुरन्स कार्ड कशाला दिलंस लगेच? आधी सेल्फ-पेचा, म्हणजे विमा न वापरता स्वतः रोख भरण्याचा रेट विचारायचास."

माझा समज अगदी उलटा होता. विमा नसलेल्या माणसालाच सगळ्यात महाग पडतं, असं मी धरून चालले होते. तिने हॉस्पिटलच्या वेबसाइटवरची भावांची फाइल उघडायला लावली. १ जानेवारी २०२१ पासून इथल्या हॉस्पिटलांना मूळ भाव, रोखीचा भाव आणि प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेला भाव जाहीर करावा लागतो. जाहीर म्हणजे माणसाला वाचता येईल असं मात्र नाही. फाइल एवढी अवाढव्य की लॅपटॉप दोनदा थिजला. शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा कोड, ७३७२१, टाकून शोधलं तेव्हा ओळ सापडली. मूळ भाव ५,१००. माझ्या कंपनीचा १,८७०. दुसऱ्या एका कंपनीचा ९६०. रोख १,२४०. मशीन तेच, कोड तोच, गुडघाही तोच.

असं का, यावर मैत्रीण अर्धा तास बोलली, आणि मला वाटतं तेवढा वेळ लागणारच होता. मूळ भाव ज्या यादीत असतो तिला चार्जमास्टर म्हणतात. तो भाव घासाघीस होणार हे धरूनच लिहिलेला असतो. अनेक करारांत विमा कंपनीला या भावावर टक्क्यांत सूट मिळते, मग सूट वाढली की यादीही वाढवायची. शिवाय कंपनी एकट्या एमआरआयची घासाघीस करत नाही, सगळ्या उपचारांचा एकत्र सौदा होतो. शस्त्रक्रिया स्वस्त पदरात पाडून घेताना एमआरआय महाग गेला तरी कंपनीला चालतं. ज्याला नेमका एमआरआयच करायचाय, त्याला चालत नाही. रोखीवाल्याकडून पैसे आधीच हातात येतात. क्लेम भरा, तो नाकारला की पुन्हा पाठवा, महिनोन्‌महिने वाट बघा, यातलं काहीच करावं लागत नाही.

"पण कंपनीला स्वस्तात हवं असणारच ना?" मी विचारलं. तिचं म्हणणं, तेवढी तळमळ नसते. २०१० च्या कायद्यामुळे विमा कंपन्यांना हप्त्यातले ८० ते ८५ टक्के उपचारांवर घालवावे लागतात. बाकीच्यात त्यांचा खर्च आणि नफा. उपचार महागले की हप्ता वाढतो, आणि हप्ता वाढला की हा उरलेला तुकडाही वाढतो.

हॉस्पिटलच्या १,२४० मध्ये एक खोच होती. फोटो वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं बिल वेगळं. म्हणून हॉस्पिटलबाहेरच्या दोन इमेजिंग सेंटरना फोन लावले. पहिल्याने "तुमचा इन्शुरन्स सिस्टिममध्ये दिसतोय, रोखीचा रेट देता येणार नाही" म्हणून विषय संपवला. खरं तर पूर्ण पैसे स्वतः भरले तर ती माहिती विमा कंपनीला पाठवू नका, असं सांगण्याचा हक्क रुग्णाला २०१३ पासून आहे. पण फोनवर हुज्जत घालायला मला जमत नाही. दुसऱ्याने सांगितलं: ४५०, वाचनासकट. मी लेखी मागितलं आणि अंदाजपत्रक दुसऱ्या दिवशी ईमेलवर आलं. सेल्फ-पे रुग्णाला ते देणं २०२२ पासून बंधनकारक आहे. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त चढलं तर १२० दिवसांत तक्रार करता येते.

तरी लगेच हो म्हटलं नाही. रोख भरलेले ४५० डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत. पुढे शस्त्रक्रिया निघाली तर? वहीत हिशोब मांडला. कार्डावर केला तर १,८७० जातात, पण डिडक्टिबलचे फक्त ९५० उरतात. रोखीने केला तर २,८२० उरतात. मात्र शस्त्रक्रियेच्या बिलातले १,८७० जास्त डिडक्टिबलमध्ये गेल्यामुळे माझा वीस टक्क्यांचा वाटा ३७४ नी कमी होतो. ४५० मधून ३७४ वजा करून निघालं की शस्त्रक्रिया झालीच तर रोखीचा मार्ग ७६ डॉलरनी महाग, नाही झाली तर १,४२० वाचले. वर्षात माझ्या खिशातून जास्तीत जास्त जेवढे जाऊ शकतात त्या मर्यादेपर्यंत बिल गेलं असतं तर ४५० पूर्ण पाण्यात गेले असते, हेही खरं. मी हॉस्पिटलची वेळ रद्द केली.

एमआरआय वीस-पंचवीस मिनिटांत झाला. पैसे आधीच कापले होते, नंतर दुसरं बिल आलं नाही. रिपोर्टमध्ये मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला, छोटी चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया नको, आधी फिजिओथेरपी करून बघू.

फिजिओच्या काउंटरवर मी कार्ड पाकिटातच ठेवून दोन्ही भाव विचारले. रोख १२० आणि माझ्या इन्शुरन्सचा ९२. कार्ड काढून दिलं.