आमची वाटचाल : इन्स्टॉलची पानं आणि त्यांचे धनी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आम्ही कोहा बसवून देतो. कोहा हे ग्रंथालयाच्या नोंदी, देवघेव आणि पुस्तकांचा शोध सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली पहिल्यांदा चालू झालेलं, आणि कुणीही ते फुकट उतरवून घेऊ शकतं. मग पैसे कसले घेता, असं संस्थाचालक विचारतात. पैसे इन्स्टॉलच्या पानांचे, म्हणजे ते कसं बसवायचं हे पायरीपायरीने सांगणाऱ्या पानांचे. त्यातली प्रत्येक कमांड आमच्या यंत्रावर चालवून बघितलेली असते.

या धंद्यात बहुतेकांकडे वर्डच्या फायली असतात, उबंटूची एक, डेबियनची एक. या दोन्ही लिनक्सच्या प्रणाली, सर्व्हर यांवर चालतो. वर्ड दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, आणि ती कमांड टर्मिनलवर, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, चिकटवली की चालत नाही. शिवाय एका फायलीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहतेच. आम्ही पहिल्यापासून ॲस्कीडॉक या लेखनपद्धतीत साधा मजकूर लिहिला आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवला. समान भाग एकदाच. जिथे उबंटू आणि डेबियन वेगळे होतात, तेवढ्याच ओळी 'इफडेफ'मध्ये, म्हणजे 'ही प्रणाली असेल तरच दाखव' अशा खुणेत. त्यातून प्रत्येक प्रणालीचं स्वतंत्र पान तयार होतं, म्हणजे डेबियनवाल्याला उबंटूची ओळ दिसतच नाही. पानाच्या डोक्यावर प्रणालीची आवृत्ती, कोहाची आवृत्ती, तपासल्याची तारीख. कमांडखाली पडद्यावर काय दिसायला हवं ते. आणि अपग्रेडच्या आधी कोहा-डम्प, ही सगळ्या डेटाची प्रत काढणारी कमांड, म्हणजे परत फिरायची वाट.

विंडोजचं पान वेगळंच. सर्व्हर लिनक्सवर असला तरी देवघेवीच्या काउंटरवर विंडोज असतं. तिथे सर्व्हरचं नाव आणि पत्ता जोडणारी होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते, नाहीतर जतन होत नाही. आणि बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या लेखी कीबोर्डच. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर बारकोडमधली इंग्रजी अक्षरं देवनागरी होऊन उमटतात आणि पुस्तक सापडत नाही. कित्येक ग्रंथपालांनी त्यापायी नवे स्कॅनर विकत घेतलेत.

ही पानं घडली ती दुष्काळी तालुक्यातल्या एका ग्रंथपाल मॅडमच्या हातून. नवं पान झालं की पहिली छापील प्रत त्यांच्याकडे जायची. जुन्या संगणकावर त्या एकट्या बसून सगळं करायच्या आणि जिथे अडायच्या तिथे लाल पेनाने खूण करायच्या. "इथे तुम्ही गृहीत धरलंत की मला माहीत आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मराठी शोधाचा भाग त्यांच्यामुळेच इतका नेमका झाला. कोहाचं शोधयंत्र झेब्रा, त्याच्या डिफॉल्ट फायलीत अक्षरं ओळखायची जुनी पद्धत, कॅरमॅप, हिची ओळ बंद करून आयसीयू या युनिकोडच्या पद्धतीची ओळ घालायची आणि अनुक्रमणिका पूर्ण नव्याने बांधायची. हे केलं नाही तर मराठी शीर्षकांचा शोध भरवशाचा राहत नाही. दाखल नोंदवहीत निम्म्याहून अधिक मराठी पुस्तकं असताना हे चालवून कसं घ्यायचं?

पानं आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली ठेवली. वापरा, बदला, विका. फक्त आमचं नाव ठेवा आणि तुमचे बदल त्याच परवान्याखाली द्या.

जवळच्याच शहरातल्या एका फर्मने पानं उचलली आणि नाव काढून टाकलं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फेऱ्या जवळ आल्या होत्या, तेव्हा निकष ४.२ मध्ये ग्रंथालयाचं स्वयंचलन विचारायचे, त्यामुळे सगळ्यांना घाई. त्यांनी आमच्या निम्म्या दरात वार्षिक करार घेतले. आमची महाविद्यालयं एकेक करून गेली. त्यात २०२० चा मार्च आला, महाविद्यालयं बंद, बिलं अडकली. आमच्याकडे कामाला असलेली दोन मुलं पगारासाठी किती थांबणार? ती गेली. मॅडमच्या संस्थेतही स्वस्त दरपत्रक टेबलावर होतं. "पानं लिहिणारे आणि पानं वाचणारे यांत फरक असतो," असं प्राचार्यांना सांगून त्यांनी आमचा करार टिकवला. त्या वर्षी भाडं भरलं गेलं ते त्या चेकवर.

एप्रिल २०२१ मध्ये उबंटू १६.०४ चा नियमित आधार संपला आणि सगळे २०.०४ कडे निघाले. तिथे कोहाचा डेटा ठेवणारं मायएसक्यूएल ८ येतं. बॅकअपसाठी वेगळा वापरकर्ता करायची जुनी एका ओळीतली कमांड, 'ग्रँट'च्या शेवटी 'आयडेंटिफाइड बाय', मायएसक्यूएल ८ ने काढून टाकली आहे. आधी वापरकर्ता तयार करायचा, मग परवानगी द्यायची. डेबियनवर त्याच्या जागी मारियाडीबी असल्याने तीच जुनी ओळ चालते. आमच्या पानांत ही वाट कधीच फुटली होती. त्या फर्मकडे आमच्या पानांची २०१८ ची प्रत होती. त्यांच्या मुलांनी चूक दाखवणारी ओळ ओलांडून पुढे एंटर दाबला, म्हणून बॅकअप नाही. पॅकेज अद्ययावत होताना बदललेली फाइल ठेवायची की नवी घ्यायची असं विचारतं, तिथे 'वाय' दाबला, म्हणून आयसीयूची ओळ गेली आणि मराठी शोधही गेला.

फोन आम्हाला आले. मी पहिल्याच ठिकाणी कोहा-लिस्ट, म्हणजे यंत्रावर कोणत्या नावाने कोहा बसवलंय ते सांगणारी कमांड, दिली तर उत्तर आलं 'पुस्तकघर'. हे आम्ही पानांत नमुन्यासाठी घातलेलं नाव. त्यांनी तेही बदललं नव्हतं. डेटाबेसचं नावही कोहा_पुस्तकघर. पाठोपाठ गेलेल्या प्रत्येक महाविद्यालयात तेच. कुणी माफी मागितली नाही, आम्ही मागायला गेलो नाही, पण ती यादी मी छापून ठेवली आहे.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक प्रणालीचं कोरं यंत्र ठेवा, त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे परत येता येईल अशी स्थिती, जतन करा, आणि पान बदललं की कोऱ्यापासून चालवा. चालू यंत्रावर आधीच्या प्रयत्नांची पॅकेजं पडलेली असतात, त्यावरची तपासणी धरू नका. आणि एखादा ग्रंथपाल लाल पेन घेऊन बसायला तयार असेल तर त्याचं बिल कमी करा.

मॅडमचं महाविद्यालय या दिवाळीच्या सुट्टीत उबंटूवरून डेबियनवर जातंय. पान तयार आहे, प्रत पोचली आहे. दुसऱ्या पानावर लाल खूण आली आहे, तेवढा परिच्छेद बदलला की बाकीच्या महाविद्यालयांना पाठवू.