सिंगापूरची क्रूझ: पैसे देऊन जेवायची टेबलं इंदुरातूनच धरून ठेवावीत का?

चार रात्रींच्या फेरीत एकच टेबल घरून धरून ठेवावं, आणि तेही शेवटच्या रात्रीचं. उरलेल्या तीन रात्रींचे पैसे आधी भरून इंदूरकरांच्या हाती फारसं काही लागत नाही. याची कारणं फेरीच्या दिवसांमध्येच दडलेली आहेत, म्हणून हा वृत्तांतही दिवसांच्या क्रमाने.

मार्ग नेहमीचाच. पहिल्या दिवशी संध्याकाळी सिंगापूरहून प्रयाण, दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत, चौथा दिवस पूर्ण समुद्रात आणि पाचव्या सकाळी परत सिंगापूर. रॉयल कॅरिबियनची स्पेक्ट्रम, अँथम, ओव्हेशन ही एकाच घडणीची जहाजं सिंगापूरहून फेऱ्या करत आली आहेत. प्रत्येकावर चार हजारांहून जास्त प्रवासी मावतात. पुढचं सगळं या जहाजांना धरून आहे.

तिकिटात काय येतं ते आधी बघा, कारण निम्मे लोक इथेच गोंधळतात. विंडजॅमर हा बुफे आणि मुख्य डायनिंग रूम, दोन्ही तिकिटातच आहेत. सिंगापूरच्या फेऱ्यांमध्ये बुफेवर भारतीय पदार्थ असतातच. वेगळे पैसे पडतात ते चॉप्स ग्रिल (स्टेकहाउस), जेमीज इटालियन, वंडरलँड, इझुमी (जपानी) आणि काही जहाजांवर असलेल्या तेप्पानयाकीला (समोरच तव्यावर शिजवून देणारं जपानी). म्हणजे आरक्षण केलं नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. एजंट ‘टेबलं संपतील’ अशी घाई करतो तेव्हा एवढं ध्यानात असलं तरी पुरे.

आता पैसे. दर माणशी ठरलेला असतो आणि त्यावर १८ टक्के टिप आपोआप चढते. समजा दर ५० डॉलर दिसतोय, तर प्रत्यक्षात ५९ जातील. चौघांचे २३६. हे डॉलर अमेरिकी की सिंगापूरचे, ते बघितल्याशिवाय बटण दाबू नका. सिंगापूरचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या साधारण पाऊणपट आहे, त्यामुळे दोन स्क्रीनशॉटची तुलना करताना हमखास फसगत होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दर कमी असतो. इझुमीत सुशी घेतली तर पदार्थागणिक बिल होतं, तिथे ‘एकदा पैसे भरले की पोटभर’ असा हिशेब नाही.

आरक्षण कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यातल्या ‘क्रूझ प्लॅनर’मधून होतं. बुकिंग क्रमांक टाकायचा, जेवणाचा विभाग उघडायचा, तारीख आणि वेळ निवडायची. अडतं ते कार्डावर. भारतातल्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात (रिझर्व्ह बँकेचा २०२० चा नियम), ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घ्या. भाव खालीवर होत असतात, आणि प्रवासाआधी जुनं आरक्षण रद्द करून कमी भावात नवं करता येतं. अमेरिकी प्रवासी ही युक्ती सारखी वापरतात. आपल्याला ती तितकी लाभत नाही, कारण बरीच कार्डं परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार घेतात आणि त्यावर जीएसटी. परतावा आला तरी तो आकार परत येईलच असं नाही, शिवाय मधल्या काळात डॉलरचा भाव हललेला असतो. चार-पाच डॉलरच्या फरकासाठी हा खटाटोप करू नये. फरक १५–२० टक्क्यांचा असेल तरच करा.

मग अमर्याद जेवणाच्या पॅकेजची गोष्ट, म्हणजे एकदाच पैसे भरून रोज या पैसेवाल्या रेस्तराँत जेवायचं. ते घेतलं की बहुधा पहिल्या रात्रीचीच वेळ आधी मिळते, बाकीच्या रात्री जहाजावर चढल्यावर ठरवायच्या असतात. त्यामुळे पॅकेजवाले सगळे पहिल्या दुपारीच काउंटरवर धडकतात आणि चौथ्या रात्रीच्या चांगल्या वेळा तासा-दोन तासांत उडतात. घरून एकच टेबल धरायचं तर चौथ्या रात्रीचं, ते एवढ्यासाठीच. पॅकेज चार रात्रींच्या फेरीत शाकाहारी घराला जवळजवळ कधीच वसूल होत नाही.

शाकाहाराचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इंदुरातल्या मराठी घरांत एक आजी कांदा-लसूणही न खाणारी, दोघं अंड्यापर्यंत आणि नातवंडं सगळं खाणारी, असा प्रकार सर्रास असतो. चॉप्स ग्रिलमध्ये शाकाहारी माणसाच्या ताटात येतात ती मुख्यतः तोंडी लावणी: कुस्करलेला बटाटा, शतावरीचे कोंब, मश्रूम, चीजमधली मॅकरोनी. ५९ डॉलरला हे महागच पडतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. वेटर ‘व्हेज’ म्हणेल तेव्हा त्याच्या डोक्यात एवढं असेलच असं नाही, म्हणून नाव घेऊन विचारा. जेमीजमध्ये पास्त्यामुळे निभावतं. वंडरलँडमध्ये मेनूचा कागद कोरा येतो, ओल्या ब्रशने रंगवला की अक्षरं उमटतात. मुलं खूश होतात, पण पदार्थ इतके चिमुकले की आजोबा नंतर बुफे शोधतात. तेप्पानयाकीत सगळ्यांच्या समोर एकच तवा, त्यावर आधी कोळंबी आणि मग तुमच्या भाज्या. ज्यांना तव्याचं वावडं आहे त्यांनी तिथे जाऊच नये. मांसाहारी घरांनी मात्र तेप्पानयाकी आधी धरायलाच हवी. तव्याभोवती मोजक्याच खुर्च्या, ठरावीक वेळेला सगळ्यांनी एकदम बसायचं, उशीर झाला तर मध्येच शिरता येत नाही. खुर्च्या कमी आणि वेळा बांधलेल्या, असं जिथे असेल तिथेच आगाऊ आरक्षणाला खरा अर्थ आहे.

शाकाहारी किंवा जैन जेवणासाठी खरी सोय मुख्य डायनिंग रूममध्येच होते. तिथे ‘माय टाइम’ (हवं तेव्हा जेवायला जा) आणि ठरावीक वेळ असे दोन पर्याय असतात. ठरावीक वेळ घ्या. टेबल तेच, वेटर तोच, त्यामुळे पहिल्या रात्री मुख्य वेटरला गरज सांगितली की उद्यासाठी स्वयंपाकघराकडून भारतीय भाजी-डाळ आदल्या दिवशीच ठरवून घेता येते. माय टाइममध्ये रोज नवा वेटर आणि रोज नव्याने कथा. जैन जेवणाची गरज बुकिंग करतानाच एजंटकडून लेखी कळवा, दोन-तीन महिने आधी. एखाद्या रात्री बाहेरच्या रेस्तराँत जाणार असाल तर आदल्या रात्री या वेटरला सांगा, नाहीतर तुमच्यासाठी वेगळं काढलेलं अन्न वाया जातं आणि पुढच्या दिवशी त्याचा उत्साहही मावळतो.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’बद्दलही लोक हेच विचारतात, कारण अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरून दुपारी जहाज पकडणं सोपं. ते जहाज १९९० चं, पूर्वीचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’, आणि सिंगापूरच्या जहाजांच्या मानाने बरंच लहान. फूड कोर्ट आणि स्टारलाइट रेस्तराँ तिकिटातच, जैन जेवणही मिळतं. दोन-तीन रात्रींसाठी घरून काहीही धरून ठेवू नका.

पहिला दिवस. जहाज मरीना बे क्रूझ सेंटरला लागतं, जवळचं मेट्रो स्थानक मरीना साउथ पिअर. चढल्यावर सगळे विंडजॅमरकडे धावतात. जेवणाआधी दहा मिनिटं काढून फोन विमान मोडवर टाका, जहाजाच्या वायफायला जोडा आणि कंपनीचं ॲप उघडा. इंटरनेटचं पॅकेज न घेताही ॲप चालतं, आरक्षण त्यातूनच दिसतं. बुफेच्या आसपास रेस्तराँचे कर्मचारी उभे असतात. पहिल्या रात्रीची टेबलं रिकामी राहतात म्हणून त्या रात्रीवर ते सूट देऊ करतात. पहिली रात्र आधी पूर्ण भावाने का घेऊ नये, याचं उत्तर त्यांच्या हातातल्या पाटीवरच असतं.

सूट घ्यावी का? इथे घड्याळ आडवं येतं. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. या रेस्तराँच्या वेळा साधारण साडेपाच ते नऊ. जहाजावरचे साडेपाच म्हणजे इंदुरातले दुपारचे तीन, पोहे पुरते जिरलेलेही नसतात. रात्रीचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. इंदूरच्या सराफ्यात रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) खाणाऱ्या पोटाला पहिले दोन दिवस कुठलीच वेळ मानवत नाही. मुंबई किंवा दिल्लीमार्गे रात्रभर विमानात जागून आलेल्यांनी पहिल्या रात्री साडेसहाचं स्टेकहाउस घेतलं तर अर्धं ताट परत जातं. भूक रात्री अकराला लागते आणि तेव्हा रेस्तराँ बंद. अशा वेळी बॅगेतलं शेवेचं बंद पाकीट कामी येतं. घरी केलेले पदार्थ मात्र नेऊ नयेत, ते चढतानाच अडवले जाऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी पेनांगला जहाज धक्क्याला लागतं, चालत उतरता येतं, जॉर्जटाऊन तिथूनच सुरू होतं. लिटल इंडियात इडली-डोसा, केळीच्या पानावरचं जेवण, सगळं मिळतं. दुपारी तिथे पोटभर जेवलात तर संध्याकाळी पैसे देऊन जेवण्यात काय अर्थ? ही रात्र डायनिंग रूमला द्या.

फुकेतची रात्र सगळ्यात धोक्याची. मोठी जहाजं पातोंगच्या समोर समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर जा-ये होते. परतीच्या शेवटच्या दोन तासांत बोटीची रांग भरउन्हात वाळूवर लांबते. त्यात थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. फोन थाई नेटवर्क पकडतो आणि गुपचूप वेळ बदलतो. जहाज सिंगापूरचीच वेळ पाळत असेल तर तुमच्या फोनवर साडेपाच असताना जहाजावर साडेसहा वाजलेले असतात. टेबल सहाचं असेल तर ते गेलं, आणि न कळवता न आल्याचा आकारही बसू शकतो. उतरण्याआधी ॲपमधली जहाजाची वेळ बघून मनगटावरचं साधं घड्याळ त्यावर लावा. या रात्रीचं काहीच धरू नका.

चौथा दिवस समुद्रात. चॉप्स आणि जेमीज अशा दिवशी दुपारीही उघडतात, आणि दुपारचा दर रात्रीपेक्षा बराच कमी असतो. पदार्थ बरेचसे तेच. ज्यांना फक्त ‘एकदा बघायचं’ आहे त्यांनी हीच दुपार गाठावी, आणि तिचं आरक्षण पहिल्या दिवशी जहाजावर केलं तरी सहसा मिळतं.

रात्रीचं टेबल घरून धरलं असेल तर ते सात-सव्वासातचं असावं. तोवर पोटाचं घड्याळ जुळलेलं असतं. जेवणाला दीड ते दोन तास लागतात, म्हणून नाटकगृहातला कार्यक्रम आणि टेबल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. त्याच रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात, वेळ बहुधा दहा-अकराची. साडेआठला जेवायला बसलेले लोक शेवटचा पदार्थ सोडून बॅगा भरायला पळतात. आधी भरून ठेवा, फक्त उद्याचे कपडे, पासपोर्ट आणि औषधं बाहेर. चॉप्समध्ये पुरुषांनी हाफ पँट किंवा बिनबाह्यांचा बनियन घालून जाऊ नये. साडी, कुर्ता, साधा शर्ट-पँट चालतं.

आठ-दहा जणांचा गट असेल तर ऑनलाइन एकच टेबल मिळायला अडचण येते. दोन लहान आरक्षणं एकाच वेळेची करा आणि पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन ती जोडून मागा. त्यासाठी प्रत्येक खोलीचा क्रमांक आणि त्यातल्या माणसांची नावं कागदावर लिहून न्या, कारण पैसे खोलीनिहाय कापले जातात. काका सगळ्यांचे भरणार असतील तर तेही तिथेच सांगा.

पाचव्या पहाटे उतरण्याआधी ॲपवर खर्चाचा तपशील उघडा. घरून भरलेलं जेवण परत लावलेलं नाही ना, रद्द केलेल्या टेबलाचा आकार चढलेला नाही ना, आणि १८ टक्के धरलेल्या बिलावर सहीच्या वेळी वरून आणखी टिप लिहिली गेली नाही ना, हे तीन आकडे बघा. चूक असेल तर रिसेप्शनची रांग सकाळी सहाला छोटी असते, आठला नाही.