आधी ओझं, मग घर

दरवर्षी मार्च उजाडला की मला फोन येऊ लागतात. ओहायोतला बर्फ वितळलेला असतो, कोलंबसच्या आसपासच्या डीलरांकडे ट्रेलर रांगेनं उभे असतात, आणि मराठी मंडळातलं कुणीतरी विचारतं, "ताई, आम्हीही ट्रेलर घ्यायचं म्हणतोय. आमची गाडी ओढेल ना? आणि पहिल्यांदाच घेतोय, तर काय काय बघू?" पाच मिनिटांच्या फोनवर हे सांगून होत नाही, आणि अर्धवट सांगावं तर प्रश्न मुलाबाळांच्या जिवाचा असतो. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आमच्याकडे 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, नऊ वर्षं झाली. स्वतःचं इंजिन नसलेलं, गाडीमागे हिचला, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीला, जोडून ओढायचं घर: पलंग, ओटा, फ्रिज, संडास, न्हाणी. डीलरकडे गेल्यावर आपण बघतो ते घरच. मुलांना बंक आहेत का, आई-बाबा भारतातून आले तर झोपतील कुठे, डबे मावतील का. माझं सांगणं असं की पहिल्या दिवशी आत शिरूच नका. बाहेर, पुढच्या कोपऱ्यात वजनाची पट्टी चिकटवलेली असते, ती वाचा.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती. गाडी भरताना ते कुणालाही हात लावू देत नसत. मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ते भरत जायचे आणि अधूनमधून जू उचलून अंदाज घ्यायचे. ट्रेलरचं गणित तेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे तुमच्या गाडीच्या मानेवर, यायला हवा. इथे त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी पडला की ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा हलू लागतो. जास्त झाला की गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवं तसं ऐकत नाही.

आता "आमची गाडी ओढेल ना" याचं उत्तर. जाहिरातीत लिहिलेलं असतं की ही पिकअप 9,000 पौंड ओढते. ओढेलही. पण तुमचा हात त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच आकड्यावर अडकणार आहे. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या पट्टीची एक चिठ्ठी दिसेल: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. याला पेलोड म्हणतात. समजा तिथे 1,450 लिहिलंय. घरातली चार माणसं 560 पौंडांची. भरलेला ट्रेलर 6,000 पौंडांचा असेल, तर साडेबारा टक्क्यांनी त्याचा हिचवरचा भार 750. भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारी हिच घ्यावीच लागते, ती स्वतः 90 पौंड. झाले 1,400. उरले 50 पौंड. मागे ठेवलेला कूलर आणि तांदळाची पिशवी यांत ते संपले. म्हणजे 9,000 ओढणारी गाडी 6,000 ला भरली. तीन रांगांच्या बऱ्याच एसयूव्हींची ओढायची मर्यादा 5,000 पौंड असते आणि हिचवरच्या भाराची साधारण 500. अशा गाडीमागे भरून 3,500-4,000 पौंडांच्या वरचा ट्रेलर लावू नका, विक्रेता कितीही गोड बोलला तरी.

ट्रेलरचं "कोरडं वजन" विचारात घेऊ नका. त्यात पाणी नसतं, भांडी नसतात, अंथरुणं नसतात. एक गॅलन पाणी म्हणजे 8.3 पौंड, 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड तिथेच वाढले. ट्रेलर जास्तीत जास्त किती वजनाचा होऊ शकतो तो आकडा धरा आणि हिशेब त्यावर करा. पहिल्या सहलीला निघाल्यावर हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो, तिथे सगळी जोडगाडी काट्यावर उभी करा. पंधरा-वीस डॉलरांत पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. आपल्याकडे ऊस काट्यावर गेल्याशिवाय पावती होत नाही, तसं हे पक्कं समजा.

एवढं खोलात का सांगते तेही ऐका. पहिल्या वर्षी आम्ही चार सायकली मागच्या बंपरवर टांगल्या, जड डबे मागच्या पलंगाखाली ठेवले. आय-71 महामार्गावर एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या धक्क्यानं आमचा ट्रेलर डोलू लागला. मी चालवत होते. पाय आपोआप ब्रेककडे गेला, आणि डोलणं दुप्पट झालं. मुलं मागे रडत होती. त्या वेळी काय करायचं ते मला नंतर समजलं: गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवायचा नाही, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हातानं सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागून खेचला जाऊन सरळ होतो. ही कळ कुठे आहे ते घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्यानं रिकाम्या मैदानात दहा वेळा सरकवून बघावं. सायकली त्यानंतर आम्ही पुढे, गाडीतच ठेवतो.

वेग. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, बाजूला इंग्रजीत "एसटी" (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं, आणि त्यांतल्या अनेकांची मर्यादा ताशी 65 मैल असते. आम्ही 60 च्या वर जात नाही. टायरवर "डीओटी" ही अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदला, कारण हे टायर झिजण्याआधीच उभ्या उभ्या म्हातारे होतात. जुना ट्रेलर घेत असाल तर हे चार आकडे आधी वाचा.

माझे बाबा महाराष्ट्रात एसटी बसचे ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. चढायला जो गिअर, उतरायलाही तोच, हे मी लहानपणापासून ऐकलंय. टेनेसीतल्या स्मोकीज डोंगराकडे जाताना आय-75 महामार्गावर जेलिको गावाजवळ लांब चढउतार लागतात, तिथे मला दरवेळी बाबा आठवतात. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा, टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गाडीतली सोय) लावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. मागे रांग लागली तर लागू द्या.

मुक्कामाला पोचल्यावर सगळे दमलेले असतात, अंधार पडत असतो, मुलांना भूक लागलेली असते. चुका होतात त्या याच अर्ध्या तासात. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे आणि तो कधी बदलत नाही. ट्रेलर जागेवर आला की आधी डावी-उजवी बाजू समतल करायची, मग चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि ठोकळे हातानं हलवून बघितल्यावरच हिच सोडायची. पुढची-मागची पातळी त्यानंतर जॅकनं. कोपऱ्यांतले पाय शेवटी. ते डुलणं थांबवायला असतात, ट्रेलर उचलायला नव्हे. निघताना ट्रेलरच्या सुरक्षेच्या साखळ्या हिचखाली एकमेकींवरून आडव्या घालायच्या आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी बारीक तार गाडीलाच वेगळी अडकवायची, साखळीला नाही. हिच जोडताना कुणीही बोलत नाही, फोनही घेत नाही.

मागे घेण्याची सगळ्यांना भीती वाटते. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्या. बाहेर उभ्या असलेल्यानं "डावीकडे, उजवीकडे" म्हणू नये, कुणाचं डावं यावरून घोळ होतो. "ड्रायव्हरची बाजू" आणि "पॅसेंजरची बाजू" म्हणा. आरशात त्याचा चेहरा दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबवा. शंका आली तर उतरून बघा, पाच वेळा उतरावं लागलं तरी. आणि वर बघायला विसरू नका: झाडाच्या फांदीनं एसीचं झाकण गेलेले ट्रेलर मी पाहिले आहेत. एसीसकट उंची मोजून, फूट-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. फोनमधल्या नकाशाला तुमची उंची माहीत नसते.

विजेचं एक फार महत्त्वाचं. इथल्या बऱ्याच ट्रेलरांना 30 अँपिअरचा तीन पायांचा प्लग असतो आणि तो 120 व्होल्टचा आहे. घरी गॅरेजपाशी त्यासाठी सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियन सवयीनं कपड्यांच्या ड्रायरसारखं 240 व्होल्टचं जोडून देतो, आणि ट्रेलर लावताक्षणी आतलं सगळं जळतं. आमच्या ओळखीच्या एका घरात हे झालं. सॉकेट बसवल्यावर मीटरनं मोजल्याशिवाय प्लग घालू नका, आणि कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावर सर्ज प्रोटेक्टर (जादा दाबापासून वाचवणारं उपकरण) लावल्याशिवाय तर कधीच नाही. 30 अँपिअर म्हणजे एकूण 3,600 वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की वीज जाणारच. आधी भात होऊ द्या, मग एसी.

स्वयंपाक म्हटल्यावर: फोडणी बाहेर करा. आतली जागा इवलीशी, फोडणीचा धूर बसतो तो गादीत आणि पडद्यांत. आम्ही पिकनिक टेबलावर शेगडी मांडतो, पोळ्याही तिथेच. थंडीत आत भात शिजवला तर वाफ भिंतींवर पाणी होऊन उतरते, तेव्हा छताची खिडकी बोटभर उघडी हवीच. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. त्याच्यासमोर चपला-पिशव्या रचू नका, आणि मागे छापलेली मुदत संपली की नवा घ्या.

संडासाच्या टाकीबद्दल लोक लाजत विचारतात. लाजण्यासारखं त्यात काही नाही. हुकअपला, म्हणजे कॅम्पग्राउंडच्या पाणी-गटाराच्या जोडणीला, जोडलेले असलात तरी काळ्या (संडासाच्या) टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घन भाग तळाशी सुकून बसतो. प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडा. आपल्या पाणी वापरायच्या सवयीचा इथे फायदाच होतो, फक्त टाकी लवकर भरते. दोन तृतीयांश भरली की आधी काळी रिकामी करा, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. तेलकट ताटं कागदानं पुसून मगच धुवा. पिण्याच्या पाण्याचा पाइप पूर्ण वेगळा, वेगळ्या कप्प्यात.

रस्त्यावर ट्रेलरला ओझं मारतं, घरी उभं असताना पाणी मारतं. छतावरचे सांधे सीलंटनं बंद केलेले असतात आणि ते उन्हानं, थंडीनं तडकतात. दर तीन महिन्यांनी शिडी लावून मी सगळे सांधे बघते. जुना ट्रेलर बघायला गेलात तर कोपऱ्यांतली जमीन पायानं दाबा, कपाटात डोकं घालून वास घ्या. कुबट वास आला तर किंमत कितीही कमी असो, परत या. आणि ओहायोत ऑक्टोबर संपायच्या आत सगळं पाणी काढून, गिझर बायपास करून, नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ (गोठू न देणारा द्रव) खेळवायचं. ते आरव्हीसाठीचंच, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचंच घ्या, गाडीचं विषारी असतं. पहिल्या हिवाळ्यात आमचा बाहेरचा शॉवर राहून गेला. वसंतात नळ सोडला तर भिंतीच्या आतून पाणी वाहू लागलं. तेव्हापासून एकेका नळाचं नाव लिहून टिक करते.

घेण्याआधी दोन कामं करा. हाउसिंग असोसिएशन ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करू देते का ते विचारा. बऱ्याच नाही देत, आणि मग दरमहा भाड्याची जागा लागते. दुसरं, तसाच ट्रेलर एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं घ्या. घेतल्यावरही पहिली सहल स्मोकीजची नको. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी नसते, नवख्याचे हाल होतात. एक रात्र घरच्या ड्राइव्हवेवर झोपा, मग कोलंबसजवळचं अलम क्रीक स्टेट पार्क. काय विसरलं ते अर्ध्या तासात घरून आणता येतं. पन्नासएक मैल झाले की टॉर्क रेंचनं चाकांचे नट पुन्हा आवळा, नव्या ट्रेलरचे हमखास सैल होतात.

आणि "आमची गाडी ओढेल ना" हे अजूनही कळत नसेल, तर दाराच्या चौकटीतल्या त्या चिठ्ठीचा आणि ट्रेलरच्या वजनाच्या पट्टीचा फोटो मला पाठवा. घरातल्या सगळ्यांची वजनं खरी सांगा. सही करायच्या आधी आपण आकडे मांडून बघू.